रांग पूर्ण लावावी

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता कपाटावर टाकलं असशील, तर संपदावहिनीनं ते खाली काढावं, फोडावं आणि मोठ्यानं वाचावं, अशी तिला माझी विनंती आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज तुला पोचतच नाहीत, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस, एवढं कळतं मला. पण पोस्टमनला काही तू ब्लॉक केलेलं नाहीस.

घाबरू नकोस, भांडणाबद्दल लिहीत नाहीये. मला एक गाय भेटलीय.

आमच्या लॅबला यंदा नवीन काम आहे. दिल्लीच्या कडेच्या डेअऱ्यांमधल्या गाईंचं रक्त आणि त्यांच्या धारा काढणाऱ्या माणसांचं रक्त शेजारीशेजारी तपासायचं आणि ब्रुसेला किती पसरलाय ते बघायचं. (वहिनी, तुझ्यासाठी सांगते, कारण हा काही समजावून सांगायचा नाही. ब्रुसेला म्हणजे ज्यानं गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभडतात तो रोग. कच्च्या दुधातून, व्याल्यावर पडणाऱ्या वारेतून माणसालाही होतो. जंतू अंगात शिरला की रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. आम्ही तीच शोधतो.) आठवड्यातून तीन दिवस मी आणि अपूर्वा व्हॅन घेऊन नजफगढच्या पलीकडे जातो. अपूर्वा आमच्याच कॉलनीत वाढलेली, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली पोर. पीएचडी करतेय. हुशार आहे, पण 'गाभडली' म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघते. 'वार'ला तिनं परवा 'मंगळवार का?' असं विचारलं. मी हसून हसून बेजार!

तर गाय. नाव भूरी. मालकीण बिमला, सहा फूट उंच बाई, डोक्यावर पदर आणि आवाज असा की म्हशी वळून बघतात. भूरी तीन वेळा गाभडलीय, तिन्ही वेळा सातव्यात. गोठ्यातल्या बाकी चार गाई पॉझिटिव्ह आल्या. भूरी निगेटिव्ह. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा निगेटिव्ह. मी बिमलाला सांगितलं की हिला ब्रुसेला नाही, दुसरं काही असेल. तर ती व्हॅनच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मैडम, थारी मशीन झूठी सै। मेरी गाय झूठ ना बोलती।"

दादा, मला हसू आलं आणि मग नाही आलं. तू तिथं असतास तर काय केलं असतंस? हे अगदी कामाचं विचारतेय. वीस वर्षं तू जनावरांचा डॉक्टर म्हणून गोठ्यात काढलीस आणि मी लॅबमध्ये.

इथं हवा इतकी घाण आहे की समोरची बिल्डिंग दिसत नाही. सुधन्वा, तुझा मेहुणा, ऑफिसला मास्क लावून जातो. बाकी ठीक. तुझी पाठ कशी आहे हे विचारणार नव्हते. विचारलं.

तुझी
उत्तरा


२७ नोव्हेंबर २०२४

दादा, दादा, दादा!

उत्तर आलेलं नाही, पण मला दम निघत नाही. बिमला बरोबर होती! मशीन झूठी, गाय खरी!

नीट सांगते. आम्ही गाईंची पहिली चाळणी करतो तेव्हा प्रत्येक गाईच्या रक्ताला प्लेटवर एकच खळगा देतो. शेकडो गाई असतात, प्रत्येकीला पूर्ण रांग लावायची म्हटलं तर वर्ष संपेल. पहिल्या खळग्यात काही दिसलं तरच पुढची रांग. तू म्हणशील, हे चुकीचं आहे. आहेच! पण परवा बिमलाचा फोन आला, "मैडम, मेरी भूरी का फिर से करो", आणि तिचं तोंड बंद करावं एवढ्याच हेतूनं मी भूरीला पूर्ण रांग दिली. बारा खळगे. पहिल्यात रक्तातलं पाणी घट्ट, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, तिसऱ्यात त्याच्या निम्मं, असं पातळ पातळ करत नेलं. वहिनी, ताक वाढवतो तसं.

सकाळी प्लेट बाहेर काढली. पहिला खळगा, तळाशी छोटंसं निळं बटण. बटण म्हणजे काही नाही, जंतू नुसते तळाला जाऊन बसले. दुसरा, बटण. तिसरा, बटण. मी प्लेट ठेवून चहा करायला वळणार, एवढ्यात अपूर्वा म्हणाली, "दीदी, ये चौथा देखो." चौथ्यात चादर! तळभर पसरलेली! पाचव्यात चादर, सहाव्यात चादर, थेट दहाव्यापर्यंत. आईशप्पथ दादा, मी टेबलावर हात आपटला आणि पिपेटचं स्टँड खाली पाडलं.

हे पुस्तकात आहे. प्रोझोन म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांना मी लिहिलंय. बावीस वर्षांत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

(वहिनी, असं समज की प्रतिपिंडं म्हणजे पंगतीतले वाढपी आणि जंतू म्हणजे पानं. वाढपी बेताचे असतील तर एकेक जण दोन पानांमध्ये फिरतो, सगळी पंगत जोडलेली राहते, तीच चादर. पण वाढपीच इतके झाले की एकेका पानाला सहासहा जण गराडा घालून उभे, तर कुणालाच दुसऱ्या पानापर्यंत जाता येत नाही. पंगत जुळतच नाही. पाणी घालून वाढपी कमी केले की जुळते. म्हणजे भूरीच्या रक्तात प्रतिपिंडं नव्हती म्हणून ती निगेटिव्ह आली नाही. फार होती म्हणून आली! सगळ्यात आजारी गाय आमच्या कागदावर सगळ्यात निरोगी!)

दुपारी बिमलाकडे जाऊन सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिनं भूरीच्या मानेवर थाप मारली आणि तिलाच म्हणाली, "ले, मान ली मैडम ने." मग मला लस्सीचा एवढा मोठा ग्लास दिला. मी विचारलं, दूध उकळून दही लावलं होतं का? ती म्हणाली, "ना।" मी ग्लास खाली ठेवला आणि तिथंच बसून तिला तासभर दूध उकळण्यावर भाषण दिलं.

व्हॅनमधून परतताना अपूर्वा बडबडत होती, यावर पेपर होईल, यार दीदी, कमाल है. मी हो हो म्हणत होते. द्वारकेच्या पुलावर आलो आणि मला एक गोष्ट आठवली.

ती गोष्ट या पत्रात लिहायची होती. दोनदा लिहिली आणि पान फाडलं. अजून एकदा बघते.

उत्तरा


९ डिसेंबर २०२४

दादा,

हे वहिनीला मोठ्यानं वाचायला लावू नकोस. स्वतः वाच.

जून २०२१. तू त्या वस्तीवर एका गाईची अडकलेली वार काढलीस, दस्ताना कोपरापाशी फाटला, तू तसाच पुढे काढत राहिलास. तीन आठवड्यांनी ताप. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा, अंथरूण घामानं भिजायचं. टायफॉइड नाही, मलेरिया नाही, टीबी नाही. तुला आतून माहीत होतं काय आहे ते. तू स्वतःच्या रक्तातलं पाणी वेगळं केलंस, बर्फात घालून ओळखीच्या माणसाबरोबर माझ्याकडे पाठवलंस आणि फोनवर म्हणालास, "उत्तरा, ब्रुसेलाचं बघ. पातळ करत पूर्ण रांग लाव हं."

भावाचं काम म्हणून मी ना फॉर्म भरला, ना वहीत नोंद केली. माझ्या पेपरच्या घाईचा आठवडा होता. त्या दिवशीची प्लेट दुसऱ्याच नमुन्यांनी भरली होती, शेवटच्या ओळीत शेवटचा एक खळगा उरला होता. तुला मी तो खळगा दिला. एकच. घट्ट रक्ताचा, पहिल्या मापाचा.

बटण दिसलं. मी फोन केला, निगेटिव्ह म्हणाले.

तू विचारलंस, "रांग पूर्ण लावली होतीस ना?"

मी म्हणाले, "हो दादा. पूर्ण."

खोटं. तोंडातून सहज निघालं, आणि तू पुढे एक प्रश्नही विचारला नाहीस. "तू म्हणतेस तर नाहीच मग," एवढंच म्हणालास. मला वाटलं, चला, सुटलं.

त्यानंतर तुझी रजा वाढत गेली, ऑफिसात कुजबुज झाली, आणि दिवाळीला घरात सगळ्यांसमोर मी बोलले ते तुला आठवतं. मलाही शब्द न् शब्द आठवतो. "ताप थर्मामीटरमध्ये नाही, तुझ्या डोक्यात आहे. नाटकं बंद कर आता." तपासणी करणारी बहीण असं म्हणाली म्हटल्यावर बाकीच्यांना काय, सगळ्यांनी माना डोलावल्या. तू ताटावरून उठलास. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस आणि मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलेय की दादाला खरं बोललेलं सहन होत नाही.

वहिनी मागे एकदा म्हणाली होती, "आता ते तापाचं बोलतच नाहीत गं. अंग भाजत असलं तरी म्हणतात, काही नाही, मला उगाच वाटतं." मी ऐकलं आणि मनात म्हणाले, बरं झालं, डोकं ताळ्यावर आलं. दादा, तू जनावराच्या डोळ्यात बघून ताप सांगणारा माणूस! तू स्वतःच्या अंगावर अविश्वास ठेवलास आणि माझ्या एका 'हो'वर विश्वास. गोठ्यातलं काम सोडून लशींच्या रजिस्टरवर सह्या करत बसलास, कारण तुला वाटलं आपण आळशी आहोत.

मला लाज वाटते. याहून नीट मला लिहिता येत नाही.

आता मुद्द्याचं. तुझं उरलेलं रक्त मी फेकलं नव्हतं. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये खालच्या कप्प्यात, मागच्या डब्यात ती नळी आहे. झाकणावर निळ्या पेनानं मीच लिहिलंय, 'दादा'. परवा हातात घेतली, बर्फ पुसला आणि परत ठेवली. आजच्या आज रांग लावू शकते, अर्धा तास लागतो. पण लावणार नाही. गेल्या वेळी मी ते माझ्या मनानं केलं, या वेळी तुझ्या सहीनं करायचं. संमतीपत्र जोडलंय. दोन जागी सही हवीय, एक जुन्या नमुन्यासाठी आणि एक नवीन नमुन्यासाठी, कारण जुनं रक्त फक्त तेव्हा काय होतं ते सांगेल. आज काय आहे ते तुझं आजचं रक्त सांगेल. नवीन रक्तात पुरावा दिसला तर औषध आहे, दादा. तीन महिन्यांचं, कंटाळवाणं, पण आहे.

मी साहेबांना सगळं सांगितलंय, नोंद न करता केलेल्या तपासणीचंही. त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी दिला. जे होईल ते होईल.

सही करायची नसेल तर करू नकोस. पण 'उगाच वाटतं' असं आजपासून म्हणू नकोस.

उत्तरा


३ जानेवारी २०२५

दादा,

काल वहिनीचा फोन आला! लॅबमध्ये होते, हातात दस्ताने, फोन कानाशी अपूर्वानं धरला. वहिनी म्हणाली की तिसरं पत्र आलं त्या दिवशी तू दुपारी जेवला नाहीस. ते घडी घालून खिशात ठेवलंस, मागच्या पडवीत जाऊन बसलास आणि अंधार पडायच्या आत परत आलास. संमतीपत्र रेडिओखाली ठेवलंयस, कोरं. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही असं सांगितलंयस. मी म्हटलं, बरोबर आहे त्याचं.

मग वहिनी म्हणाली, "पण काल जेवताना आपणहून म्हणाले, तिला विचार, त्या गाईचं पुढे काय झालं."

अरे! तू विचारलंस! मी तिथंच उडी मारली. अपूर्वाच्या हातून फोन पडला, स्क्रीनला तडा गेला, आता नवीन काच बसवणार आहे.

तर ऐक, भूरीचं पुढे असं. बिमलानं तिच्यासाठी गोठ्याच्या टोकाला वेगळी जागा केली, मध्ये पत्रा ठोकला. चारा-पाणी वेगळं, बादली वेगळी. लहान कालवडींना लस देऊन घेतली. दूध आता उकळल्याशिवाय घरातही कुणी पीत नाही आणि गिऱ्हाइकालाही ती दम देते, "उबाल के पीना, ना तो मेरे धोरे ना आना।" (धोरे म्हणजे जवळ.) आसपासच्या सहा डेअऱ्यांच्या बायकांना तिनं स्वतः बोलावून रक्त द्यायला लावलं. आमच्या सर्वेक्षणाला जे आठ महिन्यांत जमलं नाही ते तिनं एका आठवड्यात केलं. आणि ऐक, चाळणीची पद्धत आम्ही बदलली! आता प्रत्येक गाईला दोन खळगे, एक घट्ट आणि एक पातळ. मागचे सगळे निगेटिव्ह नमुने पुन्हा काढले. त्यात अशाच लपलेल्या अकरा गाई सापडल्या. अकरा!

बिमलाच्या दिराला दोन वर्षं ताप होता. त्यालाही सगळे आळशी म्हणत. त्याची रांग लावली, पॉझिटिव्ह. परवापासून गोळ्या सुरू. तो मला म्हणाला, "मैडम, दवाई से पहले ही आराम सा आ ग्या।" गोळी पोटात जायच्या आधीच! का ते तुला सांगायला नको.

संमतीपत्र रेडिओखालीच राहू दे. रेडिओला धक्का लावणार नाही.

उत्तरा

ता. क. तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आता माझ्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं तुझ्याकडून यायचंय. तू तिथं असतास तर काय केलं असतंस?


२३ जानेवारी २०२५

दादा,

मी मेट्रोत बसून लिहितेय, अक्षर वाकडं येईल. मांडीवर तुझा थर्माकोलचा डबा आहे.

सकाळी फोन आला की तुमचे एक डॉक्टर साहेब लसीकरणाच्या मीटिंगला दिल्लीत आलेत, कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्राच्या गेस्ट हाऊसमध्ये उतरलेत, आणि भालचंद्ररावांनी बहिणीसाठी काहीतरी दिलंय, ते बर्फात आहे, लवकर न्या. मला वाटलं खरवस! देवाशप्पथ, मला खरवसच वाटला. आज सव्वीस जानेवारीची रंगीत तालीम, अर्धे रस्ते बंद. बाराखंब्याला उतरून चालत गेले. रिसेप्शनवरच्या माणसानं डबा काउंटरखालून काढला, तर त्यावर तुझं अक्षर. 'उलटा करू नये. उन्हात ठेवू नये.' तिथंच सोफ्यावर बसले.

बाहेर पडले तर नाक्यावर पोलिसानं अडवलं. "मैडम, इसमें क्या है?" म्हटलं, सीरम. "वो क्या होता है?" मी एवढी गडबडलेली की तोंडातून निघालं, "भाई का खून है।" दादा, तो दोन पावलं मागे सरला! मग मी ओळखपत्र दाखवलं, डबा उघडून दाखवला, आणि तुझा कागद वाचून दाखवला. कागद वाचल्यावर तो इतका हसला की दुसऱ्या पोलिसाला बोलावून पुन्हा वाचायला लावलं.

डब्यात नळीबरोबर सही केलेलं संमतीपत्र, दोन्ही जागी. आणि सोबत जनावराचा नमुना पाठवायचा तुमचा नेहमीचा छापील फॉर्म! मी इथं उतरवून ठेवते, म्हणजे माझ्यापाशीही राहील.

जनावराची जात: माणूस, देशी.
वय: एकोणपन्नास.
दूध: देत नाही.
किती वेळा गाभडले: लागू नाही.
मालकाचे नाव: सौ. संपदा.
लक्षणे: साडेतीन वर्षे ताप येतो-जातो. पाठ धरते. विचारल्यास काही नाही म्हणते.
शेरा: रांग पूर्ण लावावी. या वेळी फोटो पाठवावा.

शेवटची ओळ मी पोलिसाला वाचून दाखवली नाही.

त्याला हिंदी करून सांगता आलं असतं. मला वाचताच आली नाही. 'या वेळी' हे दोन शब्द तू अगदी बरोबर जागी लिहिलेस, दादा. मला ते पोचले, आणि ते लिहून तू डबा पाठवलास हेही पोचलं.

स्टेशन आलं. पळते.

उत्तरा


२५ जानेवारी २०२५

ती. दादा,

वहिनीला हाक मार. शेजारी बसव. हे मोठ्यानं वाच.

परवा लॅबमध्ये पोचल्यावर पहिलं काम वहीत नोंद. मग फॉर्म. मग तुझ्या दोन्ही नळ्या, जुनी आणि नवीन, मी अपूर्वाकडे दिल्या. तिनं लेबलं काढून आकडे लावले आणि त्यात चार दुसऱ्या माणसांच्या नळ्या मिसळल्या. माझे डोळे लबाडी करतील म्हणून. मला हवं ते दिसेल याची मला खात्री होती. सहा नळ्या, सहा ओळी, प्रत्येकीला बारा खळगे. मी पिपेट उचलून परत ठेवली, तर अपूर्वा म्हणाली, "दीदी, मी करू का?" म्हटलं, नको. हे मीच करायचं राहिलंय.

रात्रभर प्लेट गरम कपाटात. मी घरी गेले, सुधन्वानं खिचडी केली होती, काय खाल्लं आठवत नाही.

काल सकाळी अपूर्वानं प्लेट वाचली, मी पाठ करून उभी, फक्त लिहून घेत होते. पहिली ओळ, सगळी बटणं. दुसरी ओळ, सगळी बटणं. तिसरी ओळ. "एक, बटण. दोन, बटण. तीन, बटण." मी पेन घट्ट धरलं. "चार..." आणि ती थांबली. "दीदी. चादर."

"पुढे वाच."

"पाच, चादर. सहा, चादर. सात, चादर. दीदी, नौ तक चादर है!"

चौथी ओळ बटणं. पाचवी ओळ पुन्हा तशीच, तीन बटणं आणि मग चादर. सहावी बटणं. मग तिनं आकड्यांची चिठ्ठी उघडली. तिसरी ओळ तुझं साडेतीन वर्षांपूर्वीचं रक्त. पाचवी ओळ तुझं या आठवड्यातलं.

मी खुर्चीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. अपूर्वाला कळेना, ही हसतेय की रडतेय. दोन्ही, बाई, दोन्ही!

दादा, तेव्हाही होता आणि आताही आहे. मी त्या दिवशी तुला आणखी तीन खळगे दिले असते तर दिवाळीच्या आधी तू बरा झाला असतास. हे मी कुठल्याही शब्दांनी पुसू शकत नाही, म्हणून पुसायचा प्रयत्न करत नाही. आमच्या साहेबांनी सही-शिक्क्याचा अहवाल दिलाय, दोन्ही तारखांसह. एक प्रत सोबत आहे, एक तुझ्या ऑफिसला वेगळी जातेय, आणि एक प्रत मी दिवाळीला ताटांवर बसलेल्या प्रत्येकाला फोनवर पाठवलीय. खाली माझ्या हातानं लिहिलंय की जुलै २०२१ची तपासणी अपुरी होती आणि पूर्ण केल्याचं मी खोटं सांगितलं होतं. काकूंचा फोन येऊन गेला. ओरडल्या. ऐकून घेतलं.

सहा फेब्रुवारीला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांची वेळ घेतलीय. पाठीचं हाड किती दुखावलंय ते तपासल्यावर कळेल, त्याबद्दल मी आत्ता काही गोड बोलणार नाही. पण तपासून झालं की गोळ्या सुरू, आणि ताप गेला पाहिजे असं ते म्हणतात. चार तारखेची तुझी आणि वहिनीची तिकिटं काढलीत. दिल्लीत अजून थंडी आहे, स्वेटर आणा. बिमला म्हणतेय की ज्यानं पूर्ण रांग मागितली होती, त्या डॉक्टरला भूरीला बघायला आणाच. गोठ्यात जाशील ना? माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथंच दे.

प्लेटचा फोटो सोबत आहे. मोठा काढून आणलाय, भिंग लागणार नाही. तिसरी आणि पाचवी ओळ. एकेक खळगा मोज. बारा आहेत.

तुझा फॉर्म भरून परत पाठवतेय. खालचा भाग तपासणाऱ्यानं भरायचा असतो, तो तू कोराच ठेवला होतास. मी असा भरलाय:

तपासणी: रांग पूर्ण लावली.
निष्कर्ष: ताप खरा आहे.
मालकास सल्ला: जनावर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं. औषध वेळेवर द्यावं आणि यापुढे त्याचं ऐकावं.
तपासणाऱ्याची सही:

तुझी बहीण,
उत्तरा